छापील डायपोलांच्या अ‍ॅरेतील ४५.८ अंश: एका युनिट सेलच्या फायनाइट एलिमेंट सिम्युलेशनचे प्रकरण

फेज्ड अ‍ॅरे अँटेनाचा झोत कोणतीही यांत्रिक हालचाल न करता वळवता येतो, पण तो हव्या त्या प्रत्येक कोनाला वळेलच याची हमी नसते. काही रचनांमध्ये ठरावीक कोनावर पोहोचताच अ‍ॅरेला पुरवलेली सगळी शक्ती परावर्तित होऊन पुरवठ्याकडे परत येते आणि त्या दिशेपुरता अ‍ॅरे आंधळा होतो. या घटनेला स्कॅन ब्लाइंडनेस म्हणतात. वेव्हगाइडच्या उघड्या तोंडांच्या अ‍ॅरेमध्ये ती १९६०च्या दशकात लक्षात आली, आणि निटेल, हेसेल व ओलिनर यांनी १९६८ साली तिचा संबंध रचनेला धरून वाहणाऱ्या तरंगांशी जोडून दाखवला. पुढे १९८४ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील पोझार आणि शॉबर्ट यांनी छापील डायपोलांच्या, म्हणजे डायलेक्ट्रिक (विद्युतरोधी) पाटीवर छापलेल्या सरळ धातूपट्ट्यांच्या, अनंत अ‍ॅरेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. डायलेक्ट्रिक स्थिरांक २.५५, सबस्ट्रेटची (म्हणजे या पाटीची) जाडी तरंगलांबीच्या ०.१९ पट आणि दोन्ही दिशांना डायपोलांमधले अंतर अर्धी तरंगलांबी, अशा त्यांच्या अ‍ॅरेत ई-प्रतलात (डायपोलचा अक्ष ज्यात येतो त्या उभ्या प्रतलात) ४५.८ अंशांवर परावर्तन गुणांक, म्हणजे परत फिरलेल्या तरंगाचे पुरवलेल्या तरंगाशी प्रमाण, थेट १ होतो.

त्यांनी हे गणित मोमेंट पद्धतीने (फक्त डायपोलवरचा प्रवाह अज्ञात मानून) केले होते, आणि त्या पद्धतीत सबस्ट्रेटचा परिणाम सूत्रातच अंतर्भूत असतो. आज असा प्रश्न बहुतेक जण फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे जागेचे छोट्या तुकड्यांच्या जाळीत विभाजन करून क्षेत्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच युनिट सेलचे (एक डायपोल आणि त्याच्या वाट्याची जागा) मॉडेल करून सोडवतात. या लेखात तेच प्रकरण फायनाइट एलिमेंट पद्धतीने मांडले आहे. ते निवडण्याचे कारण असे की उत्तर आधीपासून माहीत आहे, आणि तरीही मॉडेल मांडताना केलेल्या दोन-तीन अगदी नेहमीच्या निवडी त्या उत्तराला धक्का देऊ शकतात, तेही सॉफ्टवेअरने कोणतीही तक्रार न करता.

युनिट सेलची मांडणी

आकडे हाताळायला सोपे जावेत म्हणून वारंवारता १० गिगाहर्ट्झ घेऊ. तरंगलांबी ३० मिलिमीटर होते, युनिट सेल १५ गुणिले १५ मिलिमीटरचा चौरस होतो आणि सबस्ट्रेट ५.७ मिलिमीटर जाड होतो. त्याच्या तळाशी धातूचा ग्राउंड प्लेन, वरच्या पृष्ठभागावर मधोमध एक्स-दिशेने ठेवलेला डायपोल, डायपोलच्या मध्यावरील फटीत पोर्ट (जिथून शक्ती पुरवली जाते) आणि वर हवेचा स्तंभ, एवढीच ही भूमिती आहे. अनंत अ‍ॅरेतला प्रत्येक डायपोल सारख्याच परिस्थितीत असल्यामुळे एका सेलमधले क्षेत्र कळले की सगळ्या अ‍ॅरेचे क्षेत्र कळते. शेजारच्या सेलमध्ये तेच क्षेत्र फक्त ठरावीक फेजने मागे पडलेले असते.

ही फेज आवर्ती सीमा-अटीतून घातली जाते. झोत ई-प्रतलात ज्या कोनाला वळवायचा त्याची साइन घेऊन तिला १८० अंशांनी गुणले की एक्स-दिशेतला फेजमधला फरक मिळतो, कारण अंतर अर्ध्या तरंगलांबीचे आहे. ४५.८ अंशांसाठी तो १२९ अंश येतो. फायनाइट एलिमेंटमध्ये याचा अर्थ असा की उजव्या भिंतीवरच्या प्रत्येक कडेचा अज्ञात घटक स्वतंत्र राहत नाही. तो डाव्या भिंतीवरील जोडीदार कडेच्या मूल्याला या फेजने गुणून मिळतो आणि समीकरणांतून वगळला जातो. त्यासाठी समोरासमोरच्या भिंतींवरची जाळी तंतोतंत जुळलेली असावी लागते. सेलच्या उभ्या कोपऱ्यांवरच्या कडा चार सेलना सामाईक असतात, त्यामुळे तिथे एका कडेला मुख्य मानून उरलेल्या तिन्ही तिच्याशी बांधाव्या लागतात, आणि तिरप्या कोपऱ्यातल्या कडेला दोन्ही दिशांच्या फेजचा गुणाकार लागतो. तयार सॉफ्टवेअर हे स्वतःच सांभाळते, पण स्वतःचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी अचूकतेची तपासणी या कोपऱ्यांपासून सुरू करावी.

कडांवरचे अज्ञात घटक वापरण्याची पद्धत नेडेलेक यांच्या १९८०च्या मांडणीपासून आली. जाळीच्या शिरोबिंदूंवर क्षेत्राचे तिन्ही घटक मांडण्याच्या जुन्या रीतीत अस्तित्वातच नसलेले मोड (क्षेत्राचे नमुने) उत्तरात घुसत. कडांवरच्या मांडणीत क्षेत्राचा स्पर्शीय घटक अखंड राहतो आणि लंब घटकाला दोन माध्यमांच्या सीमेवर उडी मारण्याची मुभा मिळते. इथे हवा आणि सबस्ट्रेट यांच्या सीमेवर नेमकी हीच उडी लागते.

ई-प्रतलात झोत वळवताना वाय-दिशेत फेजचा फरक शून्य असतो, आणि डायपोलचा प्रवाह त्याच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सममित असतो. त्यामुळे अक्षातून जाणारे उभे प्रतल आणि त्याला समांतर असलेली सेलची भिंत, या दोन्ही ठिकाणी चुंबकीय भिंत (जिच्यावर चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शीय घटक शून्य असतो) मानता येते. मग अर्धाच सेल सोडवावा लागतो. ही सोय फक्त याच प्रतलापुरती वैध आहे हे ध्यानात ठेवावे. तिचा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

कागदावरचे एक समीकरण आधी

अंधकोन, म्हणजे अ‍ॅरे आंधळा होतो तो कोन, नेमका का होतो हे कळले की मॉडेलमध्ये काय जपायचे तेही कळते. ग्राउंड प्लेनवर ठेवलेल्या डायलेक्ट्रिक पाटीला धरून टीएम-शून्य नावाचा पृष्ठतरंग वाहू शकतो, मग पाटी कितीही पातळ असो. २.५५ स्थिरांक आणि ०.१९ तरंगलांबी जाडीसाठी त्याचे वैशिष्ट्य-समीकरण सोडवले की त्याचा प्रसार-स्थिरांक मोकळ्या हवेतल्या मूल्याच्या १.२८३ पट येतो. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचे हे काम आहे. म्हणजे १५ मिलिमीटरच्या एका सेलमध्ये पृष्ठतरंगाची फेज २३१ अंशांनी बदलते. उलट दिशेने जाणाऱ्या पृष्ठतरंगासाठी ती उणे २३१ अंश, आणि तिच्यात ३६० मिळवले की १२९ अंश. झोत ४५.८ अंशांना वळवण्यासाठी डायपोलांना दिलेली फेजही १२९ अंशच आहे. आवर्ती रचनेला या दोन फेजमध्ये फरक करता येत नाही; डायपोल आपल्या परीने झोत वळवत असतात, आणि त्याच वेळी उलट दिशेने पळणाऱ्या पृष्ठतरंगालाही अगदी योग्य तालावर चेतवत असतात. तो तरंग स्वतः शक्ती बाहेर फेकत नाही, आणि हानी नसलेल्या अनंत रचनेत त्याची शक्ती जायला दुसरी वाटही नसते.

याच समीकरणातून आणखी एक गोष्ट कळते. पुढचा पृष्ठतरंग, टीई-एक, जाडी तरंगलांबीच्या ०.२०१ पट झाली की सुरू होतो. निवडलेली जाडी त्याच्या जेमतेम खाली आहे. याच पाटीवर वारंवारता वाढवत नेली तर साधारण १०.६ गिगाहर्ट्झला टीई-एक अवतरतो आणि चित्र बदलते. म्हणून या प्रकरणात वारंवारतेचा विस्तृत पट्टा एका झटक्यात तपासण्याचा मोह टाळावा. शिवाय पट्टा तपासताना फेज कायम ठेवली आहे की कोन, हेही पाहावे लागते: फेज शिफ्टर वापरणाऱ्या अ‍ॅरेत फेज स्थिर राहते आणि कोन वारंवारतेबरोबर सरकतो, पण अनेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ निवड कोन स्थिर ठेवण्याची असू शकते.

पोर्ट किती उंचावर

आता मॉडेलच्या वरच्या टोकाकडे येऊ. सेलमधून बाहेर पडणारे क्षेत्र फ्लोके मोडमध्ये, म्हणजे आवर्ती रचनेला शक्य असलेल्या ठरावीक दिशांच्या तरंगांमध्ये, विभागता येते. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरामुळे या अ‍ॅरेत फक्त शून्य क्रमांकाचा मोड प्रत्यक्ष प्रसरण पावतो. बाकीचे सगळे उंचीबरोबर विरत जातात. त्यामुळे वर फ्लोके पोर्ट ठेवून त्यात फक्त शून्य क्रमांकाचे (दोन ध्रुवणांचे) दोन मोड घ्यायचे, आणि पोर्ट पाव तरंगलांबी उंचीवर, म्हणजे इथे ७.५ मिलिमीटरवर ठेवायचा, अशी सवय अनेकांना असते. झोत समोर असताना हे चालून जाते. त्या स्थितीत उणे एक क्रमांकाचा मोड ७.५ मिलिमीटरमध्ये सुमारे २४ डेसिबलने क्षीण होतो.

४५.८ अंशांवर मात्र उणे एक क्रमांकाचा मोड म्हणजे खुद्द पृष्ठतरंगाचा हवेतला भाग. त्याचा क्षय आता मिलिमीटरला जेमतेम दीड डेसिबल आहे, आणि ७.५ मिलिमीटरवर तो फक्त ११ डेसिबलने उतरलेला असतो. पोर्टमध्ये न घेतलेला मोड पोर्टवर आपटून परत फिरतो. परत आलेला हा भाग पुन्हा पाटीवर पोहोचतो आणि पृष्ठतरंगाचा प्रसार-स्थिरांकच बदलून टाकतो, कारण पृष्ठतरंगाच्या दृष्टीने पाटीच्या वर आता मोकळे आकाश उरलेले नसते. एक छत आलेले असते. अंधकोन मग ४५.८ अंशांवरून हलतो.

या चुकीचा खरा उपद्रव असा की ती नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. हानी नसलेल्या मॉडेलमध्ये परावर्तित शक्ती आणि दोन्ही फ्लोके मोडमधून बाहेर गेलेली शक्ती यांची बेरीज १ यायला हवी, आणि बहुतेक जण ही बेरीज पाहून निश्चिंत होतात. पण विरणारा मोड परत फिरला तरी तो स्वतः शक्ती वाहून नेत नाही. बेरीज तंतोतंत १ राहते, जाळी बारीक केली तरी उत्तर स्थिर राहते, आणि ते स्थिर उत्तर चुकीचे असते. ऊर्जेचा ताळेबंद जुळला एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हे प्रकरण हमखास फसवते.

उपाय दोन आहेत. उणे एक क्रमांकाचा मोड पोर्टच्या यादीत स्पष्टपणे घालावा, किंवा पोर्ट एक पूर्ण तरंगलांबी, म्हणजे ३० मिलिमीटर उंचीवर न्यावा, जिथे तोच मोड ४४ डेसिबलने विरलेला असतो. माझा कल दोन्ही एकत्र करण्याकडे आहे, कारण सेल लहान आहे आणि उंची वाढवण्याचा खर्च नगण्य आहे. कोन आणखी वाढला की क्षय आणखी मंदावतो; ६० अंशांवर पूर्ण तरंगलांबीच्या उंचीतही तो २९ डेसिबलच उरतो. म्हणजे पोर्टची उंची तपासायची ती सगळ्यात मोठ्या स्कॅन कोनावर.

पोर्टऐवजी साधी पहिल्या क्रमाची शोषक सीमा वापरली तर वेगळीच अडचण येते. ती सीमा लंब दिशेने येणाऱ्या तरंगासाठी बेतलेली असते. ४५.८ अंशांनी येणाऱ्या प्रतल-तरंगाचे ती सुमारे १८ टक्के विपुलतेने, म्हणजे उणे १५ डेसिबल पातळीवर परावर्तन करते, आणि ६० अंशांवर हेच परावर्तन एक-तृतीयांशावर जाते. बेरेंजे यांनी १९९४ साली मांडलेला पीएमएल हा कृत्रिम शोषक थर याहून पुष्कळ चांगला, पण एकाच युनिट सेलसाठी फ्लोके पोर्टच योग्य, कारण त्यातून परावर्तन आणि ध्रुवण दोन्ही थेट हाती येतात.

जाळी आणि कोनांची पायरी

अंधकोनाचे शिखर अरुंद असते. दहा अंशांच्या पायरीने स्कॅन केला तर ४० आणि ५० अंशांवरचे दोन बिंदू त्याच्या दोन उतारांवर पडतात आणि आलेखात फक्त थोडा फुगवटा दिसतो. आधी पृष्ठतरंगाच्या समीकरणातून अपेक्षित कोन काढावा आणि त्याच्या आसपास अर्ध्या अंशाची किंवा त्याहून बारीक पायरी ठेवावी. प्रत्येक कोनासाठी आवर्ती सीमा-अटीतली फेज बदलते, म्हणून मॅट्रिक्सचे विघटन दर वेळी नव्याने करावे लागते. पण सेलमध्ये चतुष्फलक काही हजारांच्याच घरात असल्यामुळे साध्या संगणकावरही हे परवडते.

जाळी स्वतः बारीक होत जाण्याची प्रक्रिया बहुतेक वेळा समोरच्या दिशेला चालवली जाते. त्या वेळी त्रुटी मुख्यतः डायपोलच्या टोकांशी आणि पोर्टच्या फटीशी असते, म्हणून नवे चतुष्फलक सगळे तिकडे जातात आणि डायपोलांमधल्या पाटीचा पृष्ठभाग जाडाभरडाच राहतो. अंधकोनाला मात्र क्षेत्र त्या पृष्ठभागावर पसरलेले असते. जाळी तिथे भरड असेल तर पृष्ठतरंगाचा वेग चुकतो, आणि कोनाची या वेगाला असलेली संवेदनशीलता मोठी आहे: प्रसार-स्थिरांकाच्या गुणोत्तरात ०.०१ इतका, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी, फरक पडला की अंधकोन ०.८ अंशाने सरकतो. म्हणून जाळीचे अनुकूलन ४४ अंशांच्या आसपास करावे. नेमक्या अंधकोनावर ते करण्यात अर्थ नाही, कारण तिथे परावर्तनाचे परिमाण १ला चिकटलेले असते आणि अभिसरणाच्या निकषाला पकडायला फारसे काही उरत नाही.

मात्र इथे एका मर्यादेपलीकडे अचूकतेचा हट्टही निरर्थक आहे. सबस्ट्रेटचा स्थिरांक २.५५ ऐवजी २.६० निघाला तर समीकरणातून अंधकोन ४४.९ अंशांवर येतो. साहित्याच्या अनिश्चिततेनेच एक अंश हलत असेल तर जाळीतून अंशाचा शंभरावा भाग मिळवण्यात हशील नाही.

निकाल वाचताना संदर्भ-अवरोधाकडे लक्ष द्यावे. पोझार आणि शॉबर्ट यांनी अ‍ॅरे समोरच्या दिशेला पूर्ण जुळलेला मानून परावर्तन काढले होते. सॉफ्टवेअरने पोर्टला ५० ओहम धरून दिलेला आकडा त्यांच्या वक्राशी ताडून पाहू नये. प्रत्येक कोनाचा अवरोध काढून घ्यावा, समोरच्या अवरोधाची संयुग्मी जुळणी मानून परावर्तन पुन्हा काढावे, मगच तुलना करावी. त्यातून प्रत्येक डायपोलचा परिणामी लाभही मिळतो: सेलच्या क्षेत्रफळातून येणारा कमाल लाभ, इथे सुमारे ५ डेसिबल, त्याला कोनाची कोसाइन आणि परावर्तनातून उरलेला शक्तीचा अंश यांनी गुणायचे. अंधकोनाला हा लाभ शून्य होतो.

स्वतंत्र पडताळणीसाठी एक सोपी युक्ती आहे. त्याच जाळीतून डायपोल काढून टाकावा, फेज १२९ अंशांवर ठेवावी आणि स्वाभाविक वारंवारता शोधाव्यात. त्यांत एक १० गिगाहर्ट्झच्या अगदी जवळ यायला हवी आणि तिचे क्षेत्र पाटीला चिकटलेले दिसायला हवे. ती आली नाही तर दोष जाळीत किंवा वरच्या सीमेत आहे. ती आली, पण डायपोलसह केलेल्या सिम्युलेशनमध्ये अंधकोन थोडा बाजूला सरकला, तर तो धातूच्या उपस्थितीचा खरा परिणाम मानता येतो. रुंद पॅचसारखे घटक असतील तर तो दुर्लक्षून चालत नाही.

रचना कशी बदलायची

समजा अ‍ॅरेने सर्व दिशांना ६० अंशांपर्यंत स्कॅन करणे अपेक्षित आहे. पाटी ०.०६ तरंगलांबी इतकी पातळ केली तर पृष्ठतरंगाचे गुणोत्तर १.०२८ वर उतरते आणि अंधकोन सुमारे ७६ अंशांवर जातो, पण पातळ पाटीवर बँडविड्थ जाते, आणि जाड पाटी घेण्याचा उद्देशच तो असतो. दुसरा मार्ग डायपोल जवळ आणण्याचा. अंतर ०.४५ तरंगलांबी केले की अंधकोन जवळजवळ ७० अंशांवर सरकतो, ०.४३८ च्या खाली गेले की तो दृश्य आकाशातूनच बाहेर पडतो.

इथे काटकसर सुचते. टीएम-शून्य तरंगाशी डायपोलचा प्रवाह ई-प्रतलातच जोरात जुळतो आणि एच-प्रतलात (डायपोलला लंब असलेल्या उभ्या प्रतलात) अजिबात जुळत नाही, तर मग फक्त एक्स-दिशेचे अंतर ०.४५ करावे आणि वाय-दिशेचे ०.५ च ठेवावे. डायपोलांची संख्या ११ टक्क्यांनीच वाढेल. दोन्ही प्रतलांतले स्कॅन या निर्णयाला पाठिंबा देतात, आणि दोन्ही प्रतलांत आपापली वेगळी सममिती असल्यामुळे अर्धा सेल पुरतो.

अडचण प्रतलांच्या मधल्या दिशांना आहे. एच-प्रतलापासून १० अंश बाजूला झोत वळवला तर वाय-दिशेच्या आवर्तनातून येणाऱ्या पृष्ठतरंगाची अट ४७.३ अंशांवर पूर्ण होते, २० अंश बाजूला असेल तर ५२.६ अंशांवर. त्या २० अंशांच्या दिशेला डायपोलच्या प्रवाहाचा साधारण एक-पंचमांश घटकच पृष्ठतरंगाच्या दिशेत असतो, त्यामुळे जुळणी दुबळी आणि शिखर ई-प्रतलातल्यापेक्षाही अरुंद असते, पण हानी नसलेल्या अनंत अ‍ॅरेत ते शून्य होत नाही. मोठ्या पायरीच्या स्कॅनमध्ये ते दिसणारच नाही, आणि अर्ध्या सेलच्या मॉडेलमध्ये तर दिसणे शक्यच नाही, कारण वाय-दिशेत फेज शून्य नसल्यावर चुंबकीय भिंतींची सममिती मोडते. पूर्ण सेल, चारही भिंतींवर आवर्ती सीमा-अट, पोर्टमध्ये दोन्ही दिशांचे उणे एक क्रमांकाचे मोड आणि एच-प्रतलापासून ५ ते ४० अंशांच्या पट्ट्यात बारीक स्कॅन, एवढे केल्याशिवाय ०.४५ गुणिले ०.५ हा आराखडा स्वीकारता येत नाही.

प्रत्यक्ष अ‍ॅरे सांत असतो आणि त्यात थोडी हानीही असते, त्यामुळे तिथे ही अरुंद शिखरे काहीशी बोथट होतात असे म्हणून त्यांच्याकडे डोळेझाक करता येईल. पण अ‍ॅरे मोठा होत जाईल तसा त्याचा मधला भाग अनंत अ‍ॅरेसारखाच वागतो. सर्व दिशांना ६० अंशांची हमी द्यायची असेल, तर दोन्ही दिशांचे अंतर ०.४५ करून सुमारे २३ टक्के जास्त डायपोल आणि तितकेच जास्त फेज शिफ्टर पत्करणे मला अधिक सुरक्षित वाटते.